बदलापूर आलं, मी उठलेच नाही

नोव्हेंबरातली संध्याकाळ, कर्जत फास्ट. त्या दिवशी चक्क खिडकी मिळाली होती. डोळा लागला असता तर गोष्ट वेगळी, पण मी टक्क जागी होते. अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं, दाराशी नेहमीची रेटारेटी झाली. शेजारणीने विचारलंही, "अगं, उतरायचं नाही का?" मी मानेनेच काहीतरी केलं आणि बसून राहिले. गाडी सुटली. वांगणी, शेलू, मग नेरळ. तिथे उतरले, कारण आणखी पुढे गेलं तर परतीच्या गाडीची पंचाईत, एवढा हिशोब डोकं अजून करत होतं. फलाटावरच्या बाकड्यावर पाऊण तास बसले. रडू आलं नाही, रागही नाही. फक्त घरी जायचं नव्हतं.

तेवढ्यात घरून फोन. "वरणाला किती शिट्ट्या करायच्या गं?" लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

मी बँकेत अधिकारी आहे, वय सत्तेचाळीस. पावणेपाचचा गजर, दोन डबे, सासूबाईंचा नाश्ता आणि गोळ्या, मुलाचं बारावीचं वर्ष, जाताना दीड तास, येताना दीड तास. यात नवल काहीच नाही. लेडीज डब्यातल्या निम्म्या बायका हेच सांगतील. म्हणूनच मला काही कळलं नाही. दमणं हे आमच्याकडे लक्षणच मानत नाहीत, दमतात सगळ्याच.

खरं लक्षण वेगळंच होतं, आणि ते मला दोन आठवडे आधी भर शाखेत दिसलं होतं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. एक आजोबा आले, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. बोटांचे ठसे मशीन घेईना, सही हलत होती. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आजोबा, हे चालणार नाही. हयात असल्याचा पुरावा लागतो." ते म्हणाले, "मी समोर उभा आहे की, बाई." मागच्या रांगेत हशा पिकला. एरवी सगळ्यांत आधी मी हसले असते. त्या दिवशी वाटलं, हा माणूस मला छळायलाच आलाय. मी पुढचा नंबर पुकारला. ते थरथरत्या बोटांनी रबरबँड परत पिशवीला लावत राहिले, एकदा निसटला, दुसऱ्यांदा लागला.

दमलेल्या माणसाला झोप हवी असते. माझं तसं नव्हतं. मला माणसं नकोशी झाली होती. मराठीत याला चांगला शब्द आहे, जीव उबगणे. बर्नआउट हा शब्द १९७४ साली मानसशास्त्रात आणणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथे मनापासून राबणारे लोकच असे कोरडे पडतात हे त्यांनी पाहिलं, स्वतःवरही अनुभवलं. पुढे २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: शक्ती संपणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणे. त्यांच्या मते हा आजार नव्हे, नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम. आणि हा शब्द नोकरीपुरताच वापरायचा, असंही त्यांनी बजावलंय. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. २०१९च्याच भारताच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं निघालं. ती पाच तासांची पाळी कुठल्या हजेरीपटावर लावायची?

नेरळनंतरच्या शनिवारी डॉक्टरांकडे गेले. हे मात्र आधी करा, सगळं मनावर ढकलू नका. माझं हिमोग्लोबिन ९ च्या घरात निघालं. बाईला १२ तरी हवं. थायरॉइडही तपासून घेतलं. लोहाच्या गोळ्यांनी जिना चढताना लागणारी धाप गेली, चिडचिड गेली नाही. तेव्हा कळलं की दोन दुखणी एकाच खोलीत राहत होती.

सल्ले भरपूर मिळाले. त्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे पहाटे उठून प्राणायाम. पावणेपाचला उठणारीने सव्वाचारला उठायचं आणि शांत व्हायचं! उबगलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणारा कुठलाही उपाय मी आता ऐकून सोडून देते. कामाची पाटी उतरली पाहिजे, तिला नक्षी काढून काय उपयोग?

पाटी उतरवतानाही माझी एक चूक झाली. मी घरात मदत मागितली. नवरा तयारच होता. "काय करू ते सांग" म्हणाला. म्हणजे आठवण ठेवायची मी, सांगायचं मी, झालं का ते बघायचं मी. पंधरा दिवसांत मी आणखी वैतागले. मग एक काम मुळासकट देऊन टाकलं: सासूबाईंची औषधं. चिठ्ठी, डॉक्टरांची तारीख, दुकानदाराचं खातं, डबीत गोळ्या भरणं, सगळं. तिसऱ्या आठवड्यात बीपीची गोळी संपली. रात्री साडेनऊला त्याच्या ते लक्षात आलं. मी ओट्यापाशी होते, जीभ दातांखाली धरली. तो चप्पल घालून गेला, तिसऱ्या दुकानात मिळाली, घेऊन आला. त्यानंतर गोळी संपलेली नाही. त्या रात्री गप्प बसणं मला नेरळपेक्षा अवघड गेलं, खोटं कशाला बोलू?

कचेरीत एवढं साधलं नाही. पंधरा दिवस मी वहीत लिहीत गेले, कुठलं काम, किती वेळ, किती वेळा मध्येच उठावं लागलं. ती वही घेऊन मॅनेजरांकडे गेले. "मला झेपत नाही" असं म्हटलं असतं तर दोष माझ्यात निघाला असता. मी विचारलं, "यातलं आज कुठलं मागे ठेवू?" साहेबांना आवडलं नाही. पण पेन्शनच्या खिडकीवर सकाळी दुसरा माणूस बसू लागला. रात्री नऊनंतर ग्रुपवर येणारे आकडे अजून येतात. ते मी सकाळी बघते. एकदा बोलणी खाल्ली.

आणि हे सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

गेल्या आठवड्यात डब्यात आमच्या ग्रुपमधली एक जण टिकल्या-क्लिपा विकणाऱ्या पोरीवर उगाचच खेकसली. पोरीने ट्रे उचलला आणि पुढे गेली. घाटकोपरला मी मैत्रिणीला हळूच विचारलं. दमलीस का, असं नाही विचारलं. त्याला सगळ्या "नाही गं" म्हणतात. विचारलं, "हल्ली राग कुणाचा येतो?" ठाणं येईपर्यंत ती मोबाइलच खालीवर करत होती. मग म्हणाली, "सगळ्यांचाच." ती अंबरनाथला उतरते. तोवर एकटीच बोलत होती.