मेडिक्लेम दवाखान्याचं बघतो, घराचं कोण बघणार?

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, ऑफिसचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, मग कॅन्सरची वेगळी पॉलिसी कशाला?" प्रश्न रास्त आहे. तुझ्या काकांच्या आजारपणात फाइल मीच सांभाळायची, त्यामुळे पैसा कुठून गळतो ते मला चांगलं ठाऊक आहे. नीट ऐक.

मेडिक्लेम बिलाचे पैसे देतो. ऑपरेशन, केमो, ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्या, डिस्चार्जनंतरची थोड्या दिवसांची औषधं. केमोला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलं तरी ते डे-केअरमध्ये बसतं. पण रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज, पाच-सहा आठवडे. त्यासाठी काकांना घेऊन मुंबईत राहायचं, म्हणजे खोलीचं भाडं, टॅक्सी, दोघांचं जेवण. तोंड आलेलं म्हणून त्यांना पेज नि शहाळ्याचं पाणी. त्यात त्यांची बिनपगारी रजा, आणि इकडे घराचा हप्ता पाच तारखेला ठरलेला. यातलं मेडिक्लेम काहीच देत नाही.

कॅन्सरची पॉलिसी घ्यायची ती यासाठी. निदान पॉलिसीच्या व्याख्येत बसलं की ती ठरलेली रक्कम थेट हातात देते. औषधाला वापर नाहीतर मुलांच्या फीला, कोणी हिशेब मागत नाही. मेडिक्लेममधून बिल मिळालं म्हणून ही रक्कम कापलीही जात नाही. एलआयसीने 2017 मध्ये काढलेल्या कॅन्सर कव्हरचंच बघ. सुरुवातीच्या टप्प्यात आजार सापडला तर विमा रकमेचे 25 टक्के आणि तीन वर्षांचे हप्ते माफ. मोठ्या टप्प्याचा असेल तर पूर्ण रक्कम, शिवाय दर महिन्याला 1 टक्का, अशी दहा वर्षं. वीस लाखांच्या विम्यावर महिन्याला वीस हजार झाले. आज कोणत्या कंपनीची कुठली योजना चालू आहे ते शाखेत जाऊन विचार, पण महिन्याच्या रकमेची अशी सोय असेल तर तिला मी झुकतं माप देईन. कमावता माणूस घरी बसला की एकरकमी पैसा लवकर संपतो.

'क्रिटिकल इलनेस' म्हणून विकतात ती पॉलिसी वेगळी. तिच्यात बरेच आजार असतात, पण अगदी सुरुवातीचा, आत न पसरलेला कॅन्सर सहसा धरत नाहीत. निदानानंतर तीस दिवस रुग्ण हयात असण्याची अटही पुष्कळदा असते. सहीआधी ही दोन कलमं वाचायची.

क्रम मात्र उलटा करू नकोस. आधी स्वतःच्या नावाचा मेडिक्लेम, कारण ऑफिसचा नोकरीबरोबर जातो. त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल देणारी जोड पॉलिसी, आणि मग कॅन्सरची पॉलिसी. मेडिक्लेममध्ये खोलीभाड्याला मर्यादा आहे का बघ. महागडी खोली घेतली तर डॉक्टरांच्या फीसह बऱ्याच रकमांना त्या प्रमाणात कात्री लागते.

आता फॉर्मचं. इथे मी हट्टाने बोलणार आहे. फॉर्म एजंटला भरू देऊ नकोस. तुझ्या सासूबाई सकाळी मिश्री लावतात. त्यांच्या फॉर्मात तंबाखूच्या रकान्यात 'नाही' अशी खूण करून एजंट मोकळा होईल, "मिश्री कुठे तंबाखू?" म्हणेल. मिश्री तंबाखूचीच असते. 'होय' लिही. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. तुझ्या फॉर्मात आजीला स्तनाचा कॅन्सर होता हे लिही. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरमधून बाहेर येते, आणि तेव्हा घरात भांडायला कोणाच्या अंगात त्राण नसतं. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःकडे ठेव.

शिवाय ही पॉलिसी धडधाकट असतानाच घ्यायची. घेतल्यानंतर पहिले काही महिने क्लेम मिळत नाही; एलआयसीच्या त्या योजनेत हा काळ 180 दिवसांचा आहे. गाठ लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

क्लेमला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट. त्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तारीख आहे ना, पॅथॉलॉजिस्टची सही आहे ना, हे लॅबच्या खिडकीवरच तपासायचं. मूळ बिलं मेडिक्लेमकडे जातात, म्हणून आधी सगळ्याच्या प्रती काढून ठेवायच्या. क्लेम नाकारला तर कारण लेखी माग, आधी कंपनीकडे तक्रार कर, आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.

कॅन्सर झालेल्या शेजारच्या ताईंचंही तू विचारलंस. निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्यच. त्यांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशन कार्ड घेऊन चौकशी करायला सांग. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं. उपचारासाठी रेल्वेने जायचं झालं तर कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो.

तू एवढं कर, ऑफिसच्या पॉलिसीची पूर्ण प्रत एचआरकडून आजच मागव. कार्ड नको, अटींसकट पूर्ण प्रत. रविवारी घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू.