पाण्यातील आर्सेनिक आणि त्याचा तोतया

दहा हजार लिटर पाण्याचे दहा टँकर ओळीने उभे आहेत अशी कल्पना करा. या सर्व पाण्यात मिळून फक्त १ ग्रॅम आर्सेनिक विरघळले आहे. म्हणजे दर लिटरला १० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक याहून अधिक नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आणि भारतीय मानकानेही घातली आहे.

असे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला नेहमीसारखेच. पण मर्यादेहून बरेच अधिक आर्सेनिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, कर्करोगही होऊ शकतो. पश्चिम बंगालमध्ये असे रुग्ण १९८३ साली प्रथम ओळखले गेले. पुढे बांगलादेशातही लक्षावधी लोक असे पाणी पीत असल्याचे आढळले. नद्यांच्या गाळात मुळातच असलेले आर्सेनिक तेथील कूपनलिकांच्या पाण्यात उतरले होते.

इतके अल्प प्रमाण मोजायचे कसे? त्यासाठी प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापक हे उपकरण वापरतात. ही पद्धत अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेच्या हाउक, फॅसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली.

पाण्याच्या नमुन्यात थोडे नायट्रिक आम्ल मिसळून त्याचा बारीक फवारा करतात आणि तो आर्गॉन वायूबरोबर क्वार्ट्झच्या नळीत सोडतात. नळीभोवती तांब्याचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला कोट्यवधी आवर्तने करणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे आर्गॉनचा प्लाझ्मा बनतो. त्याचे तापमान ६ ते १० हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त! या उष्णतेत फवाऱ्याचे थेंब सुकतात, रेणू तुटतात आणि बऱ्याच अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन निघून जाऊन त्यांचे धन आयन होतात.

हे आयन एका बारीक छिद्रातून निर्वात भागात शिरतात. तेथे चार समांतर दांड्या असतात. त्यांच्यावरील विद्युतदाब असा ठेवतात की एका वेळी एकाच वस्तुमानाचे आयन पार जावेत. पलीकडचा शोधक ते मोजतो. आर्सेनिकचा निसर्गात एकच समस्थानिक आहे, वस्तुमानांक ७५. म्हणून यंत्र ७५ वर लावायचे आणि मोजणी करायची.

आता एक उदाहरण करू. समजा, शुद्ध पाण्याची मोजणी सेकंदाला २०० येते आणि लिटरला १० मायक्रोग्रॅम आर्सेनिकच्या द्रावणाची १०,२००. म्हणजे दर मायक्रोग्रॅमला १,००० मोजण्या. एका कूपनलिकेच्या पाण्याची मोजणी १२,२०० आली. २०० वजा करून उत्तर आले १२ मायक्रोग्रॅम. मर्यादा ओलांडली! कूपनलिका बंद करावी का?

थांबा. यंत्राला आर्सेनिक हे नाव ठाऊक नाही, त्याला फक्त ७५ हा आकडा कळतो. हे पाणी खारट असेल तर त्यात क्लोरीन आहे. प्लाझ्मातील आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३५ एकत्र आले की त्यांची बेरीजही ७५! हा आर्सेनिकचा तोतया.

तोतया पकडायचा कसा? क्लोरीनचा ३७ हा समस्थानिकही असतो. ४० अधिक ३७ म्हणजे ७७. निसर्गात क्लोरीन-३५ हा क्लोरीन-३७ च्या सुमारे तिप्पट असतो. आता ७७ वर पाहा. समजा, शुद्ध पाण्याची मोजणी वजा करून तेथे १,००० मिळाल्या. (सेलेनियमचाही एक समस्थानिक ७७ चा आहे. तो या नमुन्यात नाही, हे ८२ वर पाहून ठरवता येते.) तर ७५ वरच्या १२,००० मोजण्यांपैकी सुमारे ३,००० तोतयाच्या. खरे आर्सेनिक ९ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या आत.

अर्थात ९ आणि १० यांत अंतर थोडेच, म्हणून नमुना पुन्हा तपासलाच पाहिजे. आजच्या अनेक यंत्रांत आयनांना वाटेत हेलियम वायूतून नेतात. तोतया आकाराने मोठा असल्यामुळे त्याच्या टकरी अधिक होतात, ऊर्जा कमी होते आणि पुढच्या विद्युत-अडथळ्यावर तो अडतो.

चुकीच्या आकड्याने एखाद्या वस्तीची चांगली कूपनलिका बंद होईल. उलट तोतयाचा हिस्सा अंदाजाने जास्त वजा केला, तर लोक विषारी पाणी पीत राहतील. म्हणून यंत्राने दिलेला आकडा वहीत उतरवण्यापूर्वी विचारावे : हाच आकडा आणखी कशाने येऊ शकेल?

सोडवून पाहा : दुसऱ्या नमुन्यात ७५ वर १५,२०० आणि ७७ वर, शुद्ध पाण्याची मोजणी वजा करून, ५०० मोजण्या मिळाल्या. सेलेनियम नाही. हे पाणी पिण्यायोग्य आहे का?