अल्बमवर मत देण्यापूर्वी

रॉक आणि हिपहॉप या दोन्ही प्रकारांत अल्बम ही सलग रचना असते, आणि तिच्यावर मत बनवणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा ती तुकड्यातुकड्यांनी ऐकल्यामुळे होते. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. साठच्या दशकाच्या मध्यावर बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'ने (१९६६) आणि बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'ने (१९६७) या मर्यादेलाच रचनेची चौकट केले. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, ठोक्यांवरच संपतो आणि मधली गाणी एकमेकांत मिसळत जातात. त्यातले 'मनी' तेवढे प्लेलिस्टमध्ये टाकणाऱ्याला एक चांगले गाणे मिळते, पण त्रेचाळीस मिनिटांची ती रचना त्याने ऐकलेलीच नसते. २०२१ मध्ये गायिका ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे शफलचे मुख्य बटण हटवले, ते याच कारणासाठी. म्हणून मत देण्याची पहिली अट एकच: अल्बम क्रमाने, एका बैठकीत ऐकलेला असावा.

सीडी आल्यावर एका तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे मावू लागली आणि अल्बम सुजले. 'ओएसिस'चा 'बी हिअर नाऊ' (१९९७) एकाहत्तर मिनिटांचा आहे. त्यात गिटारचे थर इतके चढवले आहेत की चाल खाली दबते, आणि बहुतेक गाणी संपायला हवीत त्यानंतरही बराच वेळ चालू राहतात. टूपॅकच्या 'ऑल आइज ऑन मी'मध्ये (१९९६) दोन सीडींवर सत्तावीस गाणी आहेत. त्यांतली निवडक ठेवली असती तर तो दशकातला सर्वोत्तम रॅप अल्बम ठरला असता. उलट नॅसचा 'इल्मॅटिक' (१९९४) दहा ट्रॅकचा, चाळीस मिनिटांच्या आतबाहेरचा. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. असे निरनिराळे प्रोड्यूसर असूनही न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीचे एकच चित्र त्यातून उभे राहते. एका गाण्याच्या अखेरीस नॅसचे वडील, जॅझवादक ओलू दारा, यांचा कॉर्नेट ऐकू येतो आणि तेवढ्यानेच गाण्याचे वय बदलते. या अल्बममध्ये काढून टाकावे असे काही नाही. लांबी म्हणजे उदारता अशी समजूत श्रोत्याने सोडून द्यावी.

परीक्षणे आणि तारे यांवर विसंबणाऱ्याला इतिहास फारसा दिलासा देत नाही. 'बी हिअर नाऊ'वर ब्रिटिश संगीत नियतकालिकांनी प्रकाशनाच्या वेळी स्तुतीचा वर्षाव केला, आणि पुढे तोच अल्बम अतिरेकाचे उदाहरण म्हणून सांगितला जाऊ लागला. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमला १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने झोडपले होते. वीझरच्या 'पिंकर्टन'ला (१९९६) त्याच नियतकालिकाच्या वाचकांनी वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बममध्ये बसवले. काही वर्षांनी तिथेच त्याला पाच तारे मिळाले. 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' (१९६७) तर निघाला तेव्हा फारसा विकला गेला नाही. रेडिओहेडच्या 'किड ए'ची (२०००) गोष्ट यांत सर्वांत बोलकी आहे. 'ओके कम्प्यूटर'नंतर (१९९७) लोक तसाच दुसरा अल्बम येण्याची वाट पाहत होते. बँडने गिटार मागे सारली, इलेक्ट्रॉनिक आवाज पुढे आणले, आणि कित्येकांनी जे मिळाले त्याऐवजी जे मिळाले नाही त्याचेच परीक्षण लिहिले. पहिल्या आठवड्यातले मत हे अनेकदा ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचे वर्णन असते. परीक्षण आधी वाचले की कान त्याच्या मागे जातो. आधी ऐकावे, मत तारीख घालून लिहून ठेवावे, मग परीक्षण वाचावे आणि वर्षभराने वहीतले मत पुन्हा तपासावे. एवढी शिस्त पाळणाऱ्याची मते कमी असतात, पण टिकतात.

रॉकवर वाढलेल्या श्रोत्याचा हिपहॉपवरचा नेहमीचा आक्षेप असतो की हे लोक वाद्य वाजवत नाहीत, दुसऱ्यांचे संगीत उचलतात. हा आक्षेप घेऊन ऐकणाऱ्याचे नुकसान मोठे होते. ऑगस्ट १९७३ मध्ये ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीतल्या समारंभात डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवत नेला. तिथून या संगीताची मांडणी सुरू झाली. इथे टर्नटेबल हेच वाद्य आणि निवड हेच वादन. पुढे सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणारी यंत्रे, आली. 'एसपी-१२००' या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येई, आणि तेवढ्यातून प्रोड्यूसर पूर्ण गाणी उभी करत. पब्लिक एनिमीच्या 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'मध्ये (१९८८) बॉम्ब स्क्वाड या त्यांच्या प्रोड्यूसर-चमूने भोंगे, भाषणे आणि फंकचे तुकडे असे रचले आहेत की कोणतीही रॉक गिटार त्यापुढे सौम्य वाटावी. डे ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' आणि बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बुटीक' (दोन्ही १९८९) हे याच कलेचे खेळकर टोक.

असे अल्बम पुन्हा का झाले नाहीत, याचे उत्तर न्यायालयात आहे. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने परवानगीशिवाय वापरलेल्या सॅम्पलविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि पैसे हा प्रश्न आला, आणि डझनावारी सॅम्पल रचणे परवडेनासे झाले. डॉ. ड्रेच्या 'द क्रॉनिक'मध्ये (१९९२) जुन्या चाली वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेल्या ऐकू येतात. नव्वदीच्या हिपहॉपला 'साधे' म्हणण्यापूर्वी हे माहीत असावे. परवानग्यांच्या याच गुंत्यामुळे डे ला सोलचे सुरुवातीचे अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंग सेवांवर नव्हते. तोवर घडलेल्या तरुण श्रोत्यांच्या यादीत ते दिसत नाहीत, म्हणून ते कमी महत्त्वाचे ठरत नाहीत.

रॅपच्या शब्दांबाबत मराठी श्रोत्याने विशेष सावध असावे. ही इंग्रजी शाळेतली नसते. ती क्वीन्सब्रिजची, कॉम्प्टनची, अटलांटाची बोली असते. पहिल्यांदा अर्थाच्या मागे न लागता उच्चार ऐकावेत: ओळ ठोक्याच्या आधी पडते की मागे रेंगाळते, यमक ओळीच्या आत कुठे लपते, श्वास कुठे घेतला जातो. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवावेत. केंड्रिक लामारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये (२०१५) गाण्यांमधून एक कविता थोडी थोडी वाढत जाते आणि शेवटच्या ट्रॅकवर पूर्ण होते. तिथेच टूपॅकच्या १९९४ च्या मुलाखतीतून घडवलेला संवाद येतो. हा धागा सुटला तर अल्बम नुसता गोंगाट वाटेल. शब्द कळू लागले की अवघड गोष्टीही कळतात. 'द क्रॉनिक'चा आवाज अप्रतिम आहे आणि त्यातली स्त्रियांविषयीची भाषा असमर्थनीय आहे. प्रामाणिक मतात ही दोन्ही वाक्ये हवीत. एक दुसऱ्याने झाकू नये.

आपण कोणती आवृत्ती ऐकतो आहोत, हेही पाहावे. इगी अँड द स्टूजेसच्या 'रॉ पॉवर'च्या (१९७३) डेव्हिड बोवीने केलेल्या मिक्समध्ये बास आणि ड्रम मागे पडतात. १९९७ मध्ये इगी पॉपने केलेले मिक्स कान फाटतील इतके जोरात आहे. दोन श्रोते एकाच नावाच्या दोन वेगळ्या अल्बमवर वाद घालत असू शकतात. मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'चा (२००८) आवाज मास्टरिंगमध्ये इतका चढवला गेला की तो फाटला, आणि 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त स्वच्छ असल्याचे चाहत्यांनी दाखवून दिले. हा दोष गाण्यांचा नव्हे.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न उरतो. रॉकच्या श्रोत्याने हिपहॉपकडे रन-डीएमसीच्या 'रेझिंग हेल'वरून (१९८६) यावे. त्याचा एक निर्माता रिक रूबिन त्याच वर्षी स्लेअरचा 'रेन इन ब्लड'ही करत होता. तिथून पब्लिक एनिमी आणि मग 'इल्मॅटिक'. हिपहॉपच्या श्रोत्याने 'लेड झेपलिन ४'पासून (१९७१) सुरुवात करावी. त्याच्या शेवटच्या गाण्यातले जॉन बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याच्या पायथ्याशी, वर टांगलेल्या मायक्रोफोनवर मुद्रित झाले, आणि बीस्टी बॉइजच्या पहिल्या अल्बमचे पहिले गाणे त्याच ठोक्यांवर उभे आहे.