राग एक, शब्द अनेक

रागासाठी मुलांना इंग्रजीत बहुतेक 'अँग्री' एवढाच शब्द येतो. पण सगळा राग सारखा नसतो. मोरा बंदराचंच उदाहरण घ्या. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही आणि भाऊच्या धक्क्याला जाणारी माणसं ताटकळतात.

१) लाँचला थोडा उशीर झाला – अनॉयिंग (वैताग आणणारं).
२) नेहमीचंच झालं, आपल्या हातात काही नाही – फ्रस्ट्रेटिंग (हताश करणारं).
३) रांगेत कुणी मुद्दाम मध्ये घुसलं – इन्फ्युरिएटिंग (संताप आणणारं).

आता नेहमीचा गोंधळ. शेवटी 'आयएनजी' असेल तर शब्द कारणाबद्दल बोलतो, 'ईडी' असेल तर मनाबद्दल. उशीर अनॉयिंग, आपण अनॉयड. वैतागलेलं मूल "आय ॲम अनॉयिंग" म्हणालं, तर अर्थ होतो 'मीच त्रासदायक आहे'! तेव्हा हसू नका, शब्द बदलून द्या.

रोज घरी विचारा, "आज कशाचा राग आला? थोडा की खूप?" उत्तर आधी मराठीत येऊ द्या, मग इंग्रजी शब्द निवडा. रागाला नेमका शब्द मिळाला, की आदळआपट न करताही तो सांगता येतो.