शेवाळाने वेढलेली टाकी: प्रवाळांचे मत्स्यालय पुन्हा उभे कसे करावे

नोकरी बदलणे, घर बदलणे, बाळाचे आगमन किंवा भारतातला लांबलेला मुक्काम. कारण कोणतेही असो, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाकडे चार-सहा महिने दुर्लक्ष झाले की चित्र साधारण सारखेच दिसते. काचेवर तपकिरी थर, खडकांवर केसांसारखे लांब हिरवे शेवाळ आणि वाळूवर लालसर, बुळबुळीत चादर. मासे बहुधा जिवंत असतात. प्रवाळ मात्र आक्रसलेले, काळपट आणि कडेने शेवाळाखाली गाडले जात असलेले.

अशा टाकीसमोर उभे राहिल्यावर मनात तीन गोष्टी येतात: सगळे खडक बाहेर काढून घासावेत, पाणी पूर्ण बदलावे आणि एक नवा झगझगीत दिवा आणावा. हे तिन्ही उपाय एकाच शनिवारी केले, तर तोवर तग धरून राहिलेले प्रवाळ पुढच्या आठवड्यात मरण्याची दाट शक्यता असते. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी २०० लिटरची टाकी गृहीत धरू. तिच्यात दोन क्लाउनफिश, काही मऊ प्रवाळ आणि एक-दोन दगडी प्रवाळ आहेत.

शेवाळ कशावर जगते?

माशांना घातलेल्या खाद्यात प्रथिने असतात, म्हणजे नायट्रोजन असतो; फॉस्फरसही असतो. न खाल्लेले अन्न आणि माशांचे उत्सर्जन यांतून अमोनिया तयार होतो. खडकांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सच्छिद्र खडकाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. नायट्रोजनला अशी बाहेर जायची एक वाट तरी आहे. फॉस्फरसला वायूरूपाने बाहेर पडता येत नाही. आपण काढून टाकला नाही, तर तो टाकीतच साठत राहतो.

साठतो तो मुख्यतः खडकांत आणि वाळूत. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसते. पाण्यातले फॉस्फेट आपण कमी केले, की हा साठा हळूहळू पुन्हा पाण्यात उतरू लागतो. म्हणूनच 'पाणी बदलले, तरी आठवड्यात शेवाळ परत आले' ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे.

दुसरा गोंधळ चाचणीचा. टाकी शेवाळाने भरलेली असते आणि फॉस्फेटची चाचणी मात्र जवळपास शून्य दाखवते. चाचणी फक्त पाण्यात विरघळलेले फॉस्फेट मोजते. बाकीचे शेवाळाच्या पेशींत केव्हाच गेलेले असते. समुद्रातल्या प्लवकांमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी १०६:१६:१ असते, हे आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या १९३४ पासूनच्या कामातून पुढे आले. फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे शंभराहून अधिक अणू बांधले जातात. थोड्याशा फॉस्फेटवर एवढे शेवाळ कसे वाढते, ते यावरून लक्षात येईल.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. इथल्या अनेक शहरांत नळाच्या पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट मिसळतात. जुन्या नळांमधले शिसे पाण्यात उतरू नये, म्हणून ते आवश्यक असते. (२०१४ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलताना असे गंजरोधक रसायन घातले नाही आणि त्याचे परिणाम सर्वांना माहीत आहेत.) पिण्यासाठी हे पाणी योग्यच आहे, पण तेच टाकीत ओतले तर आपण शेवाळाला खत घालत असतो. म्हणून टाकीसाठी आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझेशन केलेले पाणीच वापरावे.

दिव्याचे काय बिघडते?

दगडी प्रवाळांच्या आणि बहुतेक मऊ प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय जीव राहतात. ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळाला देतात. उथळ पाण्यातल्या कित्येक प्रवाळांची बहुतांश ऊर्जेची गरज यातूनच भागते. म्हणजे दिवा हे प्रवाळाचे मुख्य अन्न आहे.

समुद्राचे पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा खोलवर पोहोचतो. झूझँथेलीतली रंगद्रव्ये या निळ्या-हिरव्या प्रकाशाशी जुळवून घेतलेली आहेत, म्हणून प्रवाळांचे दिवे निळसर असतात. फ्लुरोसेंट नळ्या आणि मेटल हॅलाइड दिवे जुने झाले की त्यांची तीव्रता घटते आणि वर्णपटही सरकतो. आपला डोळा मंद प्रकाशाला सरावतो, त्यामुळे हे आपल्याला जाणवत नाही. एलईडी जास्त टिकतात. पण त्यांच्या भिंगांवर उडालेल्या थेंबांतले मीठ साचते, पंख्यात धूळ अडकते, आणि वर्षभर न पुसलेला दिवा बराच मंद झालेला असतो. केसाळ शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया अशा मंद प्रकाशातही तगतात. उपाशी पडतात ते प्रवाळ.

मोजमाप करायचे तर पार मीटर वापरावा. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, हे तो मायक्रोमोलमध्ये सांगतो. उष्ण कटिबंधात भर दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, तर लहान पॉलिपच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० पुरतो. हा मीटर महाग असतो. पण बऱ्याच ठिकाणी हौशी मंडळींच्या क्लबकडून किंवा दुकानातून तो भाड्याने मिळतो.

नवा दिवा घातक का ठरतो?

मंद प्रकाशात राहिलेल्या प्रवाळाने तोवर तडजोड केलेली असते. त्याच्या झूझँथेलींनी जास्त हरितद्रव्य साठवलेले असते, म्हणून तो काळपट तपकिरी दिसतो. जो काही प्रकाश मिळेल तो सगळा टिपण्याची ती तयारी असते. अशा प्रवाळावर अचानक चौपट प्रकाश पडला, तर टिपलेली सगळी ऊर्जा वापरणे झूझँथेलींना जमत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि ती पेशींना इजा करतात. मग प्रवाळ आपल्या या भाडेकरूंना बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. समुद्र तापल्यावर प्रवाळभित्ती पांढऱ्या पडतात, तेव्हा उष्णता आणि प्रकाश मिळून साधारण अशीच इजा करतात. हडकुळ्या, उपाशी प्रवाळाला या धक्क्यातून सावरायला साठा नसतो.

पाणी एकदम का बदलू नये?

टाकीतून फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. २०० लिटरमधले २५ लिटर उडाले, तर खारटपणा हजारी ३५ वरून ४० वर जातो. त्यात रोज ५ लिटर गोडे शुद्ध पाणी घातले, तर पाच दिवसांत तो पायरीपायरीने, रोज साधारण एक अंकाने उतरून ३५ वर येतो. रोज होणारे बाष्पीभवन अर्थातच वेगळे भरावे लागते. खारटपणा मुळावर येईपर्यंत बाकीच्या चाचण्यांचे आकडे फसवे असतात, कारण सगळेच घट्ट झालेले असते.

दुसरे कारण आम्लतेचे. दुर्लक्षित टाकीत अल्कलिनिटी संपत आलेली असते आणि पीएच ७.७ पर्यंत घसरलेला असू शकतो. त्या पीएचला बराचसा अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असतो. नव्या खाऱ्या पाण्याने पीएच एका तासात ८.२ झाला, तर त्याच एकूण अमोनियातला विषारी भाग साधारण तिप्पट होतो. मासा कालपर्यंत ठीक होता आणि पाणी 'स्वच्छ' केल्यावर मेला, यामागे कित्येकदा हे रसायन असते.

म्हणून दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलावे. नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम असेल, तर चार आठवड्यांनी सुमारे ४२ आणि आठ आठवड्यांनी सुमारे २२ उरेल. खाद्यातून रोज थोडी भर पडते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून जास्त असेल. बाकीचे काम शेवाळ उपटून आणि स्किमरने करायचे आहे.

दुरुस्तीचा क्रम

*पहिला आठवडा.* तापमान २५-२६ अंश सेल्सियसवर आणि खारटपणा ३५ वर आणा. पंप उघडून धुवा, प्रवाह वाढवा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरते, त्यामुळे पहाटे माशांचा जीव घुसमटतो. खाद्य निम्मे करा. दिव्याची भिंगे पुसा आणि त्याच वेळी तीव्रता थोडी उतरवा, कारण पुसल्याने प्रकाश आपोआप वाढलेला असतो.

*दुसरा ते चौथा आठवडा.* शेवाळ हाताने उपटा. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर जातात. औषध घालून मारलेले शेवाळ टाकीतच कुजते, अमोनिया सोडते आणि ऑक्सिजन खाते. एका वेळी एक-दोन खडक काढा आणि टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत घासा, म्हणजे उपयोगी जिवाणू वाचतील. वाळूचा एका वेळी एक चतुर्थांश भागच नळीने ओढून साफ करा. खोल, काळ्या पडलेल्या वाळूत विषारी हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. प्रोटीन स्किमर साफ करून सुरू करा. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण चमच्याने काढतो, तसा हा पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर काढतो, तिचे नायट्रेट होण्याआधीच.

इथे एक गंभीर इशारा. बटणासारखे दिसणारे झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. त्यांच्यासकट खडक कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा खडक ब्रशने खरवडू नका. वाफेतून हे विष श्वासात जाते. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानात अशा विषबाधेचे प्रकार घडल्याची नोंद आहे. हातमोजे आणि चष्मा वापरा, मुलांना लांब ठेवा.

*पाचव्या आठवड्यापासून.* फॉस्फेट अजूनही जास्त असेल, तर दाणेदार फेरिक ऑक्साइड थोड्या प्रमाणात वापरा. तो फॉस्फेट पकडून ठेवतो. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढे उद्दिष्ट पुरे. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नये. प्रवाळांनाही पोषण लागते, आणि पार शून्यावर आलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेटांची तपकिरी, बुडबुडे धरणारी तार पसरते. ती केसाळ शेवाळापेक्षा चिवट असते.

*प्रकाश.* सुरुवातीला रोज सहा तास, तोही प्रवाळांच्या पातळीवर ५०-६० पार एवढाच. मग दर आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढ. प्रवाळ फिकट दिसू लागला किंवा पॉलिप दिवसभर मिटलेले राहिले, तर एक पायरी मागे या. नवा दिवा लावायचा असेल तर हा काळ आणखी लांबवा.

*चरणारे प्राणी.* टर्बो आणि अ‍ॅस्ट्रिया गोगलगायी अंकुरणारे शेवाळ खरवडून खातात. त्या लांब केसाळ शेवाळ सहसा खात नाहीत, म्हणून आधी हाताने साफसफाई आणि मग गोगलगायी.

समुद्रातही हेच घडते

कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये रोगाने डायडेमा जातीचे बहुतेक समुद्री साळिंदर मेले. हेच तिथले मुख्य शेवाळभक्षक उरले होते. जमैकाच्या अभ्यासलेल्या भित्तींवर १९७० च्या दशकात निम्म्याहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळांचा होता. अतिमासेमारी, वादळे आणि साळिंदरांचे मरण यांनंतर १९९० च्या दशकारंभी तो पाच टक्क्यांच्या खाली आला आणि जागा शेवाळाने घेतली.

हवाईतल्या कानेओहे उपसागराची गोष्ट आपल्या टाकीच्या अधिक जवळची आहे. तिथे सांडपाणी उपसागरात सोडले जाई आणि प्रवाळांवर बुडबुड्यांसारखे हिरवे शेवाळ माजले होते. १९७७-७८ मध्ये सांडपाणी वळवले गेले. शेवाळ कमी झाले, पण ते पुढे कित्येक वर्षे काही भागांत टिकून राहिले. मग २००६ मध्ये पावसाळी, ढगाळ हवा दीर्घकाळ राहिली, प्रकाश घटला आणि त्या शेवाळाची उरलेली चादर झपाट्याने सुटून गेली. आधी पोषण तोडले गेले होते, म्हणून प्रकाशाचा तो एक तडाखा पुरला. टाकीत काही जण तीन दिवस पूर्ण अंधार करतात, त्याचेही असेच आहे. पोषण कमी केल्यानंतर तो उपयोगी पडतो. आधी केला, तर आठवड्यात सगळे जैसे थे.

सुधारणा कशी ओळखावी?

वाटेत पुन्हा तपकिरी थर आला किंवा लाल चादर दिसली, तर लगेच नवे औषध आणू नका. मोकळ्या झालेल्या जागेवर आधी हेच जीव येतात. आठवड्याच्या मोजमापांचा कल खाली असेल, तर क्रम चालू ठेवा. काचेवर आणि पंपावर गुलाबी-जांभळे कठीण ठिपके दिसू लागले, की समजावे टाकी वळणावर येत आहे. ते कोरलाइन शैवाल असते आणि त्याला कॅल्शियम, अल्कलिनिटी व कमी फॉस्फेट लागते, म्हणजे दगडी प्रवाळांना लागते तेच. या टप्प्याला यायला तीन ते सहा महिने लागू शकतात. तोवर नवे मासे किंवा प्रवाळ आणू नयेत.

भारतात परतणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. भारतात भित्ती बांधणाऱ्या सर्व दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातले प्रवाळही त्यात आले. शिवाय दगडी प्रवाळ देशाबाहेर न्यायचे तर सायटीस करारानुसार परवाने लागतात. त्यामुळे टाकी सोबत नेण्याचा विचार करू नका. निघण्याच्या दोन महिने आधी जवळच्या क्लबमध्ये प्रवाळांसाठी घर शोधा, आणि नव्या मालकाला तुमच्या दिव्याचे पार आणि पाण्याचे शेवटचे आकडे लिहून द्या.