मूल होत नाही? तपासणी दोघांची करा



परवा ज्येष्ठांच्या क्लबात चहा घेताना एका आजीबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, नातवाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, अजून पाळणा हलत नाही. नातसुनेला कुठल्या डॉक्टरकडे पाठवू?" मी विचारलं, "आणि नातवाला?" त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो, त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे. सैन्यात होता!"

धडधाकट पुरुषालाही मूल होण्यात अडचण असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही. हा विषय आपण चारचौघांत बोलत नाही. पण घरात आपल्या शब्दाला अजून मान आहे, म्हणून आपल्याला तो नीट माहीत हवा.

दोष कोणाचा, हा प्रश्नच चुकीचा

बाईला वांझ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. पुरुषासाठी मात्र रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. तोरा याबाबतीत आपल्यापेक्षा न्यायी आहे. देवारीमच्या सातव्या अध्यायात आशीर्वाद सांगताना 'अकार' आणि 'अकारा' असे दोन्ही शब्द आले आहेत, म्हणजे मूल न होणारा पुरुष आणि मूल न होणारी स्त्री. त्यातही पुरुषाचा शब्द आधी आहे. यित्झाक आणि रिव्का या दोघांनाही मूल होण्यात अडचण होती, असं आपले तालमुदकार येवामोत या भागात सांगतात. म्हणजे ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, आपणच ती विसरलो.

आजचं वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कारण सापडतं. कधी ते एकटं असतं, कधी बायकोच्या कारणाबरोबर असतं. म्हणून एकट्या बाईची तपासणी ही अर्धीच तपासणी.

पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत शिकाऊ नर्स असताना मी पाहिलेली एक बाई मला अजून आठवते. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासू दरवेळी बरोबर यायची. तीन वेळा त्या बाईची पिशवी साफ करून झाली होती, तिन्ही वेळा भूल दिली होती. नवऱ्याची तपासणी मात्र आठ वर्षांत एकदाही झाली नव्हती. एका नव्या डॉक्टरीणबाईंनी हट्ट धरला म्हणून तो एकदाचा आला. त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नव्हता. तो रिपोर्ट हातात घेऊन ती बाई आधी हसली आणि मग खूप रडली. त्या आठ वर्षांचा हिशेब तिला कोण देणार होतं?

एक गैरसमज आधी दूर करू

मूल न होणं आणि नपुंसक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत किंवा कमी आहेत, त्याचं वैवाहिक जीवन बहुतेक वेळा अगदी व्यवस्थित असतं. वीर्यही नेहमीसारखंच दिसतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असतो, बाकीचा द्रव इतर ग्रंथींतून येतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो. पुरुषार्थाचा इथे काही संबंध नाही. हे नातवाला कळलं, तर तो तपासणीला लाजणार नाही.

कारणं कोणती?

शुक्रजंतू वृषणांत तयार होतात. एक शुक्रजंतू पूर्ण तयार होऊन बाहेर पडायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून देवानं ती शरीराबाहेर पिशवीत ठेवली. एवढं लक्षात ठेवलं की पुढची कारणं सहज समजतात.

व्हेरिकोसील: पायाच्या शिरा फुगतात तशा वृषणाच्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूच्या. अशुद्ध रक्त तिथे साचतं आणि उष्णता वाढते. शंभर पुरुषांमागे सुमारे पंधरा जणांना हे असतं आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलंही होतात. पण मूल न होणाऱ्या पुरुषांत याचं प्रमाण दुपटीहून जास्त आहे.

लहानपणी खाली न उतरलेलं वृषण: पोटातच राहिलेल्या वृषणाला थंडावा मिळत नाही. वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर त्याचं काम बिघडतं आणि पुढे कॅन्सरचा धोकाही वाढतो.

गालगुंड: वयात आल्यानंतर झाला तर काहींच्या वृषणाला सूज येते. बहुतेकांची एकच बाजू बिघडते, दोन्ही बिघडणं क्वचित.

इतर संसर्ग: लैंगिक संबंधातून लागणारे आजार आणि क्षय यांनी शुक्रजंतूंची नळी बंद होऊ शकते.

जन्मजात कारणं: काहींत एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, काहींत वाय गुणसूत्राचा लहानसा तुकडा नसतो, काहींत शुक्रवाहिनी जन्मापासूनच नसते. यात कोणाचाच दोष नाही, आईबापाचाही नाही.

औषधं: आपल्या नातवंडांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी काही तरुण टेस्टोस्टेरॉनची किंवा तशाच स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं, काम झालं. तो वृषणांना हुकूम देणं बंद करतो. अंग पिळदार होतं आणि शुक्रजंतू शून्यावर येतात. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांत ते परत येतात, पण कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. कोणाकोणाचे पूर्वीसारखे येतही नाहीत. कॅन्सरची औषधं आणि किरणोपचार यांनीही शुक्रजंतू नष्ट होऊ शकतात. म्हणून तरुण मुलाला असे उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना आठवणीनं विचारा.

राहणी: सिगारेट, नारगिला, फार दारू, गांजा, वाढलेलं वजन, ताब्यात नसलेला मधुमेह. शिवाय बेकरीच्या भट्टीपाशी दिवसभर उभं राहणं किंवा वरचेवर सौनात बसणं.

आणि पुष्कळ पुरुषांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, हेही सांगायला हवं.

तपासणी कधी आणि कशी?

वर्षभर नियमित संबंध असून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी डॉक्टरकडे जावं. बायकोचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच जावं. नवऱ्याला लहानपणी वृषणाचं ऑपरेशन झालं असेल किंवा कॅन्सरचे उपचार झाले असतील, तर थांबूच नये.

सुरुवात कुपत खोलीमच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरपासून होते. ते वीर्यतपासणीची हफनाया देतात आणि गरज पडली तर युरॉलॉजिस्टकडे पाठवतात. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो. शुक्रजंतू किती आहेत, किती हलतात आणि त्यांचा आकार कसा आहे, हे पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात. पण हा आकडा म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. त्याहून कमी असलेल्यांना मुलं होतात आणि जास्त असलेल्यांना कधी होत नाहीत. एका रिपोर्टवर निकालही लावत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी जोराचा ताप येऊन गेला असेल तरी संख्या खाली येते. म्हणून तपासणी पुन्हा करतात. त्यानंतर हार्मोनची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि जरूर पडल्यास गुणसूत्रांची तपासणी होते.

या निमित्तानं कधी मधुमेह सापडतो, कधी वृषणातली गाठ अगदी सुरुवातीला सापडते. म्हणजे ही तपासणी मुलासाठी आहे तशी त्या पुरुषाच्या स्वतःच्या तब्येतीसाठीही आहे.

काहींना धर्माची अडचण वाटते, कारण वीर्य वाया घालवायला आपल्याकडे मनाई आहे. पण मूल व्हावं म्हणून केलेल्या तपासणीसाठी रब्बाई मार्ग दाखवतात. नमुना कसा घ्यावा, हे आपल्या रब्बाईंना विचारावं. जेरुसलेमची पुआ संस्था याच कामासाठी आहे. तिथे रब्बाई जोडप्यांना सल्ला देतात आणि प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून देखरेखही ठेवतात. मिसरमध्ये इस्राएलांची बाळं वाचवणाऱ्या सुइणीचं, पुआचं, नाव तिला दिलं आहे.

उपचार काय आहेत?

उपचार कारणाप्रमाणे असतात. हाताला लागणारं व्हेरिकोसील असेल आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तर लहानसं ऑपरेशन करतात. त्याचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक देतात. मेंदूतल्या ग्रंथीकडून हार्मोन कमी येत असेल तर इंजेक्शनांनी शुक्रजंतू तयार होऊ लागतात, पण अनेक महिने धीर धरावा लागतो. नळी बंद असेल तर ती ऑपरेशननं जोडता येते किंवा सुईनं वृषणातून थेट शुक्रजंतू काढता येतात.

संख्या थोडीच कमी असेल तर वीर्य धुऊन, चांगले शुक्रजंतू निवडून गर्भाशयात सोडतात. फारच कमी असेल तर एक शुक्रजंतू बारीक सुईनं एका स्त्रीबीजात घालतात. या पद्धतीला इक्सी म्हणतात आणि ती १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जगापुढे आणली. त्यापूर्वी १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले असतील. पण त्या काळी अगदी कमी शुक्रजंतू असलेल्या पुरुषांसाठी फारसं काही करता येत नव्हतं. आज वीर्यात एकही शुक्रजंतू नसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली वृषणाच्या ऊतीत शोध घेतात आणि पुष्कळदा चार-दोन सापडतात. तेवढेही पुरतात. नाही सापडले तर पुढचे मार्ग अवघड असतात. ते त्या दोघांनी डॉक्टर आणि रब्बाई यांच्याशी बोलून ठरवावेत. आपण तिथे मत देऊ नये.

खर्चाची धास्ती बाळगू नका. इस्रायलमध्ये आरोग्य विम्याच्या कायद्याखाली जोडप्याला दोन मुलं होईपर्यंत टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार मिळतात. स्त्रीची स्वतःची बीजं वापरायची असतील तर तिच्या ४५ वर्षांपर्यंत. काही औषधांचे थोडे पैसे भरावे लागतात. तोफेस १७ आपल्याला नवा नाहीच!

शक्तीच्या पावडरी, भस्मं आणि जाहिरातीतल्या गोळ्या यांच्यापासून मात्र सांभाळा. फॉलिक ॲसिड आणि झिंक पुरुषांना देऊन अमेरिकेत मोठी पाहणी झाली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला, की वीर्यही सुधारलं नाही आणि बाळंही जास्त झाली नाहीत. अशा गोळ्यांत पैसे जातात ते जातातच, पण बायकोचं वय वाढतं, आणि ते परत मिळत नाही.

आपण काय करू शकतो?

पणतूला आंघोळ घालताना दोन्ही वृषणं पिशवीत आहेत ना, ते पाहा. सहा महिन्यांचा झाला तरी एखादं खाली आलं नसेल, तर टिपत खलावच्या नर्सला दाखवा. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं चांगलं. गालगुंडाची लस दोनदा मिळते, ती चुकू देऊ नका.

मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात अचानक जोराची कळ आली, तर शेकत बसू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ते बहुधा वाचतं. रात्र असो की शब्बाथ, तडक इस्पितळात न्या.

आणि ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही त्यांनी दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर नातसुनेला "काही बातमी?" असं विचारू नये. बातमी असेल तर ती आपल्याला सर्वांत आधी सांगेल. नातवाला एकदाच, एकांतात, प्रेमानं सांगा, "बाळा, तूही तपासून घे. त्यात लाज नाही." आजोबांनी सांगितलं तर जास्त बरं. पुरुषाच्या गोष्टी पुरुषाकडून ऐकणं त्याला सोपं जातं.

एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस जरूर बोला. मीही बोलते. पण नवस दोघांसाठी असतो, तशी तपासणीही दोघांची असावी.

क्लबातल्या त्या आजीबाईंना मी एवढंच सांगितलं, की हफनाया दोघांच्या नावानं मागा. त्यांनी लगेच पर्समधून लहानशी वही काढली आणि लिहिलं, "दोघांच्या."

देव सर्वांच्या घरात आनंद देवो. शालोम.