फर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मोठ्याने वाचा. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. उर्दूत आपण ज्याला 'अरब' म्हणतो, तोच मराठीतला 'अब्ज'. या संख्येने एका थोर गणितज्ञाला चकवले होते.

त्या गणितज्ञाचे नाव पिएर द फर्मा. तो फ्रान्समधील तुलूझ शहरात न्यायालयात काम करी आणि फावल्या वेळात गणिताचा अभ्यास करी. त्याने २ पासून सुरुवात केली. २ मध्ये १ मिळवला, ३ आले. २ चा वर्ग ४, त्यात १ मिळवून ५. ४ चा वर्ग १६, त्यात १ मिळवून १७. पुढे याच रीतीने २५७ आणि ६५,५३७ आले. या पाचही मूळ संख्या आहेत, म्हणजे गणिताच्या तासाला आपण ज्यांना 'मुफरद अदद' म्हणतो त्या. तेव्हा अशा रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे फर्माला वाटले. १६४० साली त्याने पत्रांतून तसे कळवले. याची सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने लिहिले. हा त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

६५,५३६ चा वर्ग करून १ मिळवला की आपली संख्या येते. ती मूळ आहे का? तिच्या शेवटी ७ आहे, म्हणून २ किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही जात नाही. असे एकेक करून पाहायचे तर सुमारे साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागावे लागेल! त्या काळी गणकयंत्र कुठले?

१७३२ साली लिओनार्ड ऑयलर या पंचविशीतल्या गणितज्ञाने जाहीर केले की, या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो. पुढे त्याने यामागचे कारणही सिद्ध केले. या संख्येचा विभाजक असलेल्या कोणत्याही मूळ संख्येला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या थोड्याच आहेत : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो. साडेसहा हजार भागाकारांचे काम पाच भागाकारांवर आले! भागाकार ६७,००,४१७ येतो. विश्वास बसत नसेल तर वहीत गुणाकार करा :

६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२००
६७,००,४१७ × ४० = २६,८०,१६,६८०
६७,००,४१७ × १ = ६७,००,४१७

तिन्हींची बेरीज करा. आपलीच संख्या येईल.

पाच उदाहरणे जुळली होती, सहावे जुळले नाही. त्यानंतरच्या संख्यांपैकी एकही मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त, म्हणजे 'मुरक्कब', ठरल्या आहेत. चौतिसावीचा निकाल मात्र संगणकांनाही अजून लावता आलेला नाही.